निळ्या पिशवीतली खरखर

३ मार्च, सोमवार

लॅपटॉप निळ्या पिशवीत होता. पिशवीला दोन ठिकाणी टाके. एक पांढऱ्या दोऱ्याने, एक काळ्या. हे मी आधी पाहिलं. तिला नंतर. मग बराच वेळ दुसरं काही पाहिलंच नाही.

"आवाज खरखरतो," म्हणाली. "बारीक असला की नाही. मोठा केला की."

"कधीपासून?"

"दोन आठवडे झाले. एका काकांनी सांगितलं, याच दुकानात द्या."

मी म्हटलं, बघतो. आणि बघतच राहिलो. मागून मालकांचा आवाज — "साहेब, पावती तरी फाडा." ती हसली. मालकांच्या कपाळावर सदानकदा भिंगाचा पट्टा असतो, जेवतानाही काढत नाहीत, म्हणून मी त्यांना वहीत भिंगकाका म्हणतो. तोंडावर नुसतं काका.

पावतीवर बिघाडाच्या रकान्यात लिहिलं : खरखर. माझं अक्षर इतकं नीट कधी आलं नव्हतं.

४ मार्च, मंगळवार

आमच्या दुकानाचा नियम : गिऱ्हाइकाची फाईल उघडायची नाही. आपली चाचणीची धून आहे, तीच वाजवायची. मी पाळला. (तिचे फोटो असणार आत. तरी पाळला. हे कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहितो.)

धून वाजवली. निम्म्या आवाजात, कारण दुपारी काका खुर्चीत डोळे मिटून असतात आणि शेजारचा चष्मेवाला भिंतीवर ठोकतो. एकदा बारीकशी चर्र झाली. मग नाही. आवाजाचा ड्रायव्हर प्रोग्रॅम जुना होता, तो बदलला. आवाज 'सुधारणारी' सगळी सेटिंग बंद केली, अर्धी खरखर तीच करतात. चार्जर लावून पाहिलं, काढून पाहिलं. स्वच्छ!

काकांनी डोळे न उघडता विचारलं, "उघडून पाहिलास?"

"गरज नाही. सॉफ्टवेअरचंच होतं."

"हं," म्हणाले. त्यांच्या 'हं'ला फार अर्थ असतात. मी एकही घेतला नाही.

५ मार्च, बुधवार

घेऊन गेली. "इतक्या लवकर?" म्हणाली. दिवसभर तेच दोन शब्द.

८ मार्च, शनिवार

दादाचा फोन. दर शनिवारी येतो, मी दर शनिवारी उचलतो, आणि तीर्थरूपांचं नाव निघालं की ठेवतो. असं आठ महिने चाललंय. तीर्थरूप म्हणजे आमचे वडील, लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करणारे टर्नर, स्वतःचं वर्कशॉप, घराच्या पुढच्याच खोल्यांत. आता दादा सांभाळतो त्यांच्याबरोबर. मी मावशीकडे राहतो, गावाच्या दुसऱ्या टोकाला.

दादा म्हणाला, "एकदा ये. समोर बस त्यांच्या. तोंडासमोर."

"बसून काय करू? तोंड बघत बसू?"

"हो. तेच कर."

मी फोन ठेवला. मावशी भाजी निवडत होती. म्हणाली, "तुझ्या नाकावरचा राग उतरवून एकदा त्या फोनला दे, निदान चार्ज होईल."

डोकं फिरलंच आहे तर एकदा लिहून टाकतो, म्हणजे परत लिहायला नको.

कॉलेज मी मार्कांमुळे सोडलं नाही. दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. माझ्या हातून कनेक्शन चुकलं, बोर्डातून धूर आला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "लेथवाल्याचा मुलगा ना तू? हातात जोर आहे. डोक्यात कुठून येणार, घरात असेल तर येईल." पोरं हसली. मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो. परत गेलो नाही. माफी माग, असा निरोप आला. मागितली नाही.

घरी आलो. तीर्थरूप लेथपाशी उभे, पाठ माझ्याकडे, हातात मायक्रोमीटर. मशीन बंद होतं. मी चार फुटांवर. म्हटलं, "बाबा, कॉलेज सोडलं मी. परत जाणार नाही. तुम्हाला काही म्हणायचंय?"

काही नाही. दांडीचं माप घेत राहिले. मी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा जवळजवळ रडत. मान वळवली नाही. ज्यांच्यासाठी भांडून आलो त्यांनी! पिशवी भरली आणि निघालो. आई बाजारात होती, दादा माल पोचवायला गेला होता.

झालं. संपलं. पुन्हा लिहिणार नाही.

१० मार्च, सोमवार

आली. आनंद झाला, मग पिशवी दिसली, मग लाज वाटली.

"परत खरखरला," म्हणाली. चिडली नव्हती, तेच जास्त लागलं. आज तिचं काम कळलं. कानाच्या दवाखान्यात आहे. ज्यांना नवीन कानाचं मशीन लागतं त्यांना ती ऐकायला शिकवते.

"ऐकायला शिकवायला लागतं?"

"लागतं तर. खूप वर्षं ऐकलं नसेल तर मेंदू आवाज विसरतो. मशीन लावलं की सगळा गोंधळ एकदम कानात येतो. भांडी, पंखा, स्वतःच्या चपला. लोक घाबरतात. मग मी लॅपटॉपवरून शब्द ऐकवते, ते मागे म्हणतात. थोडं थोडं."

मग एकाबद्दल सांगितलं. एक हट्टी काका आहेत. दवाखान्यात यायला लाजतात, म्हणून दर शनिवारी तीच त्यांच्याकडे जाते. "लॅपटॉप खरखरला की म्हणतात, बघा, मी ठीक आहे, मशीनच खोटं आहे. कसेबसे तयार झालेत. परवा म्हणाले, अजून एकदा असं झालं तर हे काढून ठेवीन, पुन्हा लावणार नाही. आणि ते बोलतात तसं करतात. म्हणून शनिवारच्या आत हवाय. आणि नीट हवाय."

मी म्हटलं, "असल्या म्हाताऱ्यांना ओरडून सांगायला पाहिजे."

"ओरडून कधी कुणाला ऐकू गेलंय?" म्हणाली. "समोर बसून सांगावं लागतं."

ती गेल्यावर काका म्हणाले, "आता उघडणार का, का अजून सॉफ्टवेअरच आहे?"

११ मार्च, मंगळवार

सकाळी दुकान उघडायच्या आधीच येऊन बसलो. मावशी म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." मी म्हटलं, कामाचं आहे. "कामाचंच म्हणते मी."

खालचं झाकण काढलं. या जातीच्या लॅपटॉपचे स्पीकर खालच्या बाजूला असतात, टेबलाकडे तोंड करून. दोन्हीवर काळपट भुकटी. धूळ समजून बोट लावलं. धूळ नाही. बोटाला टोचली.

काकांचं भिंग मागून घेतलं. लोखंडाचा कीस! बारीक, राखाडी, स्पीकरच्या पडद्याभोवती दाढीसारखा उभा राहिलेला. मध्ये एकदोन वळलेल्या कपच्या, निळसर झाक असलेल्या. अशी झाक पोलादाला येते, लेथवर, कापताना तापलं की. हे मला कुणी पुस्तकात शिकवलेलं नाही.

स्पीकरच्या आत लोहचुंबक असतं. लॅपटॉप जिथे ठेवला असेल तिथला कीस त्याने ओढून घेतला. बारीक आवाजात पडदा कमी हलतो, कीस गप्प बसतो. मोठ्या आवाजात थरथरतो आणि चर्र. मी निम्म्या आवाजात तपासून, छाती काढून दिला होता. काकांनी फक्त "हं" म्हटलं. आजच्याचा अर्थ मला कळला.

म्हणजे तो हट्टी काका लेथवाला. गावात लेथवाले वीस-पंचवीस तरी असतील. मी हसलो. एकेक नमुने असतात म्हटलं.

मग चार्जर घ्यायला निळ्या पिशवीत हात घातला. चार्जर या वेळी एका फडक्यात गुंडाळलेला. चौकड्यांचं फडकं, तेलाचे डाग. निळी चौकट, आत पिवळी रेघ. कोपऱ्यात गोल जळकं भोक.

ते भोक मी पाडलंय. अकरावीत, सोल्डरिंग करताना, अंगात असताना. आईने तो शर्ट फाडून वर्कशॉपची फडकी केली होती.

ती आमच्या घरी जाते.

१२ मार्च, बुधवार

दादा.

दुसरं कोण? सव्वीस वर्षांचा, लग्न व्हायचंय, बोलायला गोड. हट्टी काका वगैरे सगळी बतावणी. दर शनिवारी! आणि दर शनिवारी मला फोन करून 'घरी ये' म्हणतो तो कोणत्या तोंडाने? तोंडासमोर बस म्हणे. ती आत बसलेली असणार आणि हा बाहेर येऊन मला फोन करणार.

तीर्थरूपांना कमी ऐकू येतं असं मला कधी कुणी सांगितलेलं नाही. लेथच्या आवाजाने कीस कुठे पडला ते ओळखणारा माणूस आहे तो. तासणी बोथट झाली की आवाजावरून सांगायचे. त्यांना कशाला हवं मशीन? मी उगाच तो विचार करतोय. दादाच.

काकांनी सांगितलं होतं, कीस चिकटपट्टीने एकेक करून उचल, घाई करू नकोस. तासाभराचं काम आहे. मी ब्लोअर घेतला आणि फुंकून टाकला. सगळा. दोन मिनिटांत. झाकण लावलं. धून वाजवली, ठीक वाटली. पूर्ण आवाजात वाजवली का? नाही. चष्मेवाला ठोकेल म्हणून. खरं म्हणजे, लवकर तो लॅपटॉप डोळ्यांपुढून जावा म्हणून.

ती संध्याकाळी आली. "झाला?"

"झाला."

"कशामुळे होतं?"

"जिथे ठेवता तिथली घाण," मी म्हटलं. तिने माझ्याकडे जरा बघितलं. पिशवी घेतली, गेली. फडकं मी परत दिलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

उद्या शनिवार. जाणार आहे. दादाच्या तोंडावर ते फडकं फेकणार आहे.

१५ मार्च, शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी चारला पोचलो. आमच्या वर्कशॉपचं शटर अर्धं खाली होतं. बाहेर पायरीवर दादा बसलेला, मांडीवर कानस आणि लोखंडाची एक पट्टी. मला पाहिलं आणि आनंद झाला त्याला. खरा. मी खिशातून फडकं काढलं, तोंड उघडलं, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आत परीक्षा चाललीय."

मी वाकून आत पाहिलं. सगळी मशीनं बंद. कामाच्या बाकावर वर्तमानपत्र अंथरून लॅपटॉप. पलीकडे ती, तोंडासमोर पुठ्ठ्याचा तुकडा धरून. अलीकडे स्टुलावर, माझ्याकडे पाठ करून, ते. मानेच्या मागे केस पांढरे झालेत. उजव्या कानामागे काहीतरी बारीक, करड्या रंगाचं.

"पुठ्ठा कशाला?" मी दादाला विचारलं.

"ओठ दिसले की फसवतात. ओठ वाचून उत्तर देतात. आपल्यालाही असंच फसवत होते. चार वर्षं."

लॅपटॉप म्हणाला, पाणी. ते म्हणाले, पाणी. लॅपटॉप म्हणाला, दार. ते थांबले. "पुन्हा," म्हणाले. पुन्हा झालं. "दार." ती हसली बहुतेक, पुठ्ठ्यामागे. तिचे डोळे दिसले.

दादा हळू आवाजात बोलत होता. तीस वर्षं लेथ, प्रेस, ग्राइंडर, कान गेले. कारखानेवाल्यांना कळलं तर काम देतील का, आवाजावर चालणारा माणूस बहिरा झाला म्हणतील, म्हणून शपथा घातल्या. आईला, त्याला. "तुला सांगणार होतो. दर शनिवारी. त्यांचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस. तरी समोर बस, समोर बस म्हणून जीव आटवला. पाठीमागून बोललास तर भिंत आहे रे ती."

पाठ. चार फूट. मशीन बंद. आठ तारखेला मीच लिहून ठेवलंय.

तेवढ्यात लॅपटॉपने मोठ्या आवाजात कुठलासा शब्द म्हटला आणि चर्र झालं. पुढच्या शब्दाला जास्त. मग प्रत्येक. ते उठले. "बाई, मी सांगितलं होतं," इतकंच म्हणाले, आवाज चढवून नाही. कानामागून मशीन काढलं. बाकावर ठेवलं, तासण्यांच्या डब्याशेजारी. लेथ सुरू केला.

तिने पुठ्ठा खाली केला. तिचा तो उतरलेला चेहरा मी केलेला आहे. त्या ब्लोअरने.

मी आत गेलो नाही. दादाला म्हटलं, मी आलो होतो सांगू नकोस. फडकं खिशात घातलं.

१६ मार्च, रविवार

मावशीने विचारलं, दादाला काय म्हणालास? म्हटलं, काही नाही. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

१७ मार्च, सोमवार

मी दारातच उभा होतो. ती येणार माहीत होतं. तिने पिशवी काउंटरवर ठेवली, मी काही विचारायच्या आत म्हणाली, "त्यांनी मशीन शेवटी ड्रॉवरमध्ये टाकलं. ड्रिलच्या पात्यांबरोबर. मी खूप विनवलं तेव्हा एक शनिवार देतो म्हणाले. शेवटचा. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरीकडे नेते."

काय काय ठरवलं होतं बोलायचं! एवढंच निघालं — "चूक माझी होती. घाई केली. पुन्हा करतो. बुधवारी घेऊन जा."

"मागच्या वेळी रागावला होतात का माझ्यावर?"

"हो."

"का?"

"चुकीच्या माणसावर होता तो राग. तुमच्यावर नव्हता."

ती गेल्यावर काकांनी भिंग डोळ्यांवर ओढलं आणि झाकण स्वतः काढलं. बघून माझ्यासमोर सरकवलं. कीस सगळा फटीच्या आत, चुंबकाच्या पोटात बसला होता. "लोखंड फुंकून जातं का रे? धूळ फुंकायची, लोखंड उचलायचं. एवढं तुला कुणी सांगायला हवं? लेथवाल्याचा मुलगा ना तू?"

तेच शब्द. सरांचेच. पण काकांनी ते असे म्हटले, जसं काही मला जास्त माहीत असायला हवं होतं. माझं डोकं गेलं नाही. मी म्हटलं, हो.

"तिसऱ्यांदा आलाय," ते म्हणाले. "चौथ्यांदा आला तर मीच तुला मावशीकडे पोचवून येईन. बस आता."

१८ मार्च, मंगळवार

नऊला बसलो, तीनला उठलो.

चिकटपट्टीच्या बारीक पट्ट्या कापल्या, काडीपेटीच्या काडीला चिकट बाजू बाहेर करून गुंडाळल्या. फटीत घालायची, टेकवायची, उचलायची, फेकायची. नवीन काडी. डाव्या स्पीकरला एकसष्ट काड्या, उजव्याला चव्वेचाळीस. पडदा फाटला तर संपलं, म्हणून श्वास धरून. काका मध्येच येऊन चहा ठेवून गेले.

साफ झाला. पण खरा प्रश्न पुढचा. शनिवारी तो पुन्हा त्याच बाकावर बसणार. चुंबक काही कीस ओढायचं सोडणार नाही. वर्तमानपत्राच्या कडेने येईल, तिच्या बाहीवरून येईल. दोन शनिवार टिकेल, तिसऱ्याला चर्र.

लहान होतो तेव्हा संध्याकाळी लेथखालचा कीस उचलायचं काम माझं असायचं. हाताने उचलला तर बोटांत घुसतो. बाबांनी एक मोठं चुंबक दिलं होतं, जुन्या लाऊडस्पीकरमधलं. पहिल्या दिवशी मी ते तसंच फिरवलं, कीस असा चिकटला की निघेना, मी रडकुंडीला. त्यांनी चुंबक माझ्याकडून घेतलं, जुन्या फडक्यात गुंडाळलं, पुन्हा फिरवलं. कीस फडक्यावर बसला. मग चुंबक आतून काढून घेतलं, आणि सगळा कीस आपोआप डब्यात पडला. म्हणाले, "त्याला ओढू दे. फक्त मध्ये कापड ठेव."

शर्टाचं फडकं अजून खिशातच होतं. कोमट पाण्यात धुतलं, पंख्याखाली वाळवलं. धुऊन धुऊन इतकं विरलंय की पलीकडचं दिसतं. आवाज अडणार नाही. स्पीकरच्या जाळीएवढे दोन तुकडे कापले, बाहेरून, कडांना काढता येईल अशी पट्टी लावून बसवले. जळक्या भोकाचा कोपरा सोडला.

मग पूर्ण आवाजात वाजवलं. आमची धून, खालच्या पट्टीतले सूर, एक माणूस बातम्या वाचताना, सगळं. शिवाय बाकावर काकांनी कानशीचा कीस मूठभर आणून पसरला होता, त्यावर ठेवून. तासभर. चष्मेवाल्याने भिंत ठोकली. काका उठून गेले आणि त्याला काय सांगून आले देव जाणे, तो येऊन उभ्याने ऐकत राहिला.

एक चर्र नाही. शेवटी कापड काढून झटकलं. सगळा कीस खाली.

काका म्हणाले, "हं."

१९ मार्च, बुधवार

तिला सगळं दाखवलं. कीस कुठे बसतो, का बसतो, घरी आल्यावर कापड कसं सोडवायचं, झटकायचं, परत लावायचं. तिने माझ्यासमोर दोनदा करून पाहिलं. बोटं जपून वापरते. तुकडा हातात घेऊन म्हणाली, "हे माझ्याच पिशवीतलं फडकं ना? त्या काकांनीच दिलं होतं, चार्जरला तेल लागू नये म्हणून."

"माझा शर्ट आहे तो."

समजायला थोडा वेळ लागला तिला. मग काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"ते माझे बाबा आहेत," मी म्हटलं.

"मी कुणाला नाव सांगत नसते," ती घाईने म्हणाली. "आमच्यात ते चालत नाही."

"तुम्ही नाही सांगितलं. शर्टाने सांगितलं."

मग तिने पर्समधून एक चिठ्ठी काढली. आमच्या दुकानाचा पत्ता, बाबांच्या हातचा. ड्रॉइंगवर मापं लिहितात तसे आकडे आणि अक्षरं, सगळी एका उंचीची. माझ्या दुकानाचा पत्ता त्यांना माहीत आहे. चष्मेवाल्याच्या शेजारी, हेसुद्धा लिहिलंय. म्हणजे कधीतरी येऊन पाहून गेलेत, आत न येता.

"देताना म्हणाले, तिथे एक मुलगा आहे, तापट आहे जरा, पण त्याचा हात चांगला आहे. एकदा चुकला तरी त्याच्याकडेच द्या." ती हसली. "म्हणून तिसऱ्यांदा आले. नाहीतर कोण येतं?"

मला वाटलं होतं, माझ्यासाठी येते. वाटलं ते खोडत नाही, राहू दे वहीत.

जाताना दारात थांबून म्हणाली, "शनिवारी त्यांच्याशी बोलू नका. पहिले दिवस आवाज जड जातात. रविवारी बोला. आणि समोरूनच बोला असं नाही. सराव व्हायला पाहिजे त्यांना."

२२ मार्च, शनिवार

संध्याकाळी दुकानाच्या फोनवर तिचा निरोप आला. चाळीसपैकी एकतीस बरोबर. खरखर नाही. मशीन कानातच आहे.

काका म्हणाले, पावती फाड आता, काम संपलं. मी फाडली. बिघाडाच्या रकान्यात लिहिलेलं माझं ते नीट अक्षर.

२३ मार्च, रविवार

घरी गेलो. लेथपाशी उभे होते, पाठ माझ्याकडे, मशीन बंद, हातात मायक्रोमीटर. चार फुटांवर थांबलो. ठरवून तेच म्हटलं, तेवढ्याच आवाजात. "बाबा, कॉलेज सोडलं मी."

वळले.

मायक्रोमीटर बाकावर ठेवला. मग म्हणाले, "ते कळलं रे तेव्हाच, आईकडून. पण मला न सांगता गेलास. आठ महिने विचार करतोय, माझं काय चुकलं."